वस्तऱ्याची धार



वसंतात भरणाऱ्या या सभांना आपण येता ते तत्त्वज्ञान, साहित्य, राजकारण अशा भारदस्त विषयांच्या ओढीने. त्या पंगतीत दाढीचे पान मांडलेले पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील, तर तो त्यांचा दोष नव्हे. पण आम्ही तीस वर्षे कामगार चळवळीत घालवली आहेत आणि त्या कामाने आम्हाला एक खोड जडली आहे. कोणतीही वस्तू हाती आली, की ती कोणी घडवली, कशी घडवली आणि घडवणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे विचारल्याखेरीज ती खाली ठेववत नाही. शाळा आमची नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटावर आणि या खोडीवर.

वस्तरा आम्हाला मिळाला तो जुन्या बाजारात. गोणपाटावर पान्हे, कुलपे आणि बिनकाट्यांची घड्याळे यांच्या गर्दीत तो मिटून पडला होता. शिंगाची मूठ, पात्यावर गंजाचे चार ठिपके, आणि बुडाशी 'शेफील्ड, इंग्लंड' असा शिक्का. या शिक्क्यावरूनही वस्तूचे वय थोडेफार काढता येते. परदेशी मालावर तो कोणत्या देशात झाला हे लिहिलेच पाहिजे, असा नियम अमेरिकेत १८९१ सालापासून लागू झाला. तेव्हा नुसत्या 'शेफील्ड'वर न थांबता पुढे 'इंग्लंड' लिहिणारा वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजावा.

तो वापरायला शिकवले आमच्या पेठेतल्या एका वृद्ध नाभिक कारागिरांनी. पहिला धडा पाण्याचा होता. दाढीचा केस कोरडा असताना तारेसारखा ताठ असतो. गरम पाणी पिऊन तो फुगतो आणि नरम पडतो. एवढी सवड त्याला दिली नाही, तर धार कितीही उत्तम असो, केस कापला जाण्याऐवजी ओढला जातो. ब्रश साबणावर घोळवायचा, थेंबथेंब पाणी द्यायचे, आणि फेस साईसारखा जड झाला की मग गालाला लावायचा. दुसरा धडा चामड्याच्या पट्ट्याचा. पाते पट्ट्यावर टेकवून पाठ पुढे आणि धार मागे ठेवून सरकवायचे, टोकाशी पाठीवरच उलटवायचे आणि परत यायचे. धार पुढे गेली की पट्टा चिरलाच. तिसरा धडा एका वाक्याचा होता. "साहेब, जोर तुमचा नको, त्याचं वजन त्याला पुरतं."

पंधरा दिवसांत हात बसला. पाते गालाशी जवळजवळ आडवे धरावे, डाव्या हाताने कातडी ताणावी आणि आधी केसाच्या वळणाने खाली यावे. मग पुन्हा फेस लावून आडवे जावे. पोकळ घासलेले पाते खुंट कापताना बारीक आवाज करते. पहिल्या हातात तो करकरीत असतो, दुसऱ्यात जवळजवळ नाहीसा होतो, आणि काम झाले की नाही हे डोळ्यांच्या आधी कानाला कळते. शेवटी थंड पाणी आणि ओली तुरटी. सकाळची ही वीस मिनिटे आम्हाला सभा, वाटाघाटी आणि मोर्चे यांच्यातून कधी मिळाली नव्हती अशी शांतता देतात, हे आम्ही न लाजता सांगतो. कामगार कार्यकर्त्याने सुखाविषयी बोलू नये असा काही दंडक नाही.

हे हत्यार किती विचाराने घडलेले आहे तेही पाहण्यासारखे आहे. पात्याची जाड पाठ केवळ बळकटीसाठी नाही. निसण्यावर धार लावताना पाते सपाट टेकवले की पाठ आणि धार अशा दोन्ही कडा दगडाला लागतात आणि घासण्याचा कोन आपोआप ठरतो. पाते वर्षानुवर्षे झिजते, पण पाठही त्याबरोबर झिजते, म्हणून कोन फारसा ढळत नाही. दुरुस्तीची सोय ज्याच्या अंगातच आहे असे हत्यार पुष्कळ टिकते. आमच्या हातातला वस्तरा शंभर वर्षांचा असेल, आणि रोज कामाला येतो.

आता या सुखाचा हिशेब.

इंग्लंडातील शेफील्ड गावाजवळून पाच नद्या वाहतात. त्यांच्या प्रवाहावर धार लावण्याची चाके फिरत. तेथील कारागिरांची सनदी संस्था १६२४ सालची. पण उत्तम वस्तऱ्याला उत्तम पोलाद लागते, आणि ते अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने दिले. घड्याळाच्या स्प्रिंगा नीट होईनात म्हणून त्याने पोलाद मुशीत पूर्ण वितळवून एकजीव करण्याची रीत काढली. शेफील्डच्या कारागिरांना ते पोलाद प्रथम फार कडक वाटले, आणि फ्रेंच कारागीर ते उचलू लागल्यावर त्यांचे डोळे उघडले, असे सांगतात.

मुशीतले पोलाद मात्र आपल्याकडे नवे नव्हते. दक्षिणेतले लोहार ते शतकानुशतके करीत होते, आणि या कथेत मुंबईचे नाव येते ते येथे. डॉ. हेलिनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला त्याचे नमुने धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे त्यांवर निबंध सादर केला आणि त्याच्या मथळ्यात हे 'वूट्झ' पोलाद मुंबईत होते असे लिहून टाकले. माल ज्या बंदरातून आला ते त्याचे जन्मगाव, असा हा हिशेब! या पोलादावर लंडनचा जेम्स स्टोडार्ट नावाचा शस्त्रकारागीर लुब्ध झाला, आणि त्याने त्याचे गुपित शोधायला जोडीला घेतला मायकेल फॅरडे. फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेला. हे नाव घेताना आमची मान जरा जास्तच लवते, ती का हे चाणाक्ष श्रोत्यांनी ओळखले असेलच. दोघांनी १८२० आणि १८२२ साली पोलादाच्या मिश्रणांवर निबंध प्रसिद्ध केले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी, हे त्यांतले एक मिश्रण. फॅरडेने अशा प्रयोगांतल्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. पुढे 'सिल्व्हर स्टील' असा शिक्का वस्तऱ्यांवर सर्रास दिसू लागला. त्यात चांदी किती, हे कोणी विचारू नये.

पोलाद झाले, घडाई झाली, तरी वस्तरा होत नाही. तो होतो घासाईने. आमच्या पात्याचे पोट दोन्ही बाजूंनी खोलगट आहे, इतके की धारेजवळ ते कागदासारखे पातळ होते. हे काम चाकापुढे बसलेल्या माणसाचे. शेफील्डचा घासणारा कामगार लाकडी खोगिरावर स्वार झाल्यासारखा बसे, चाकावर ओणवा होई, आणि नाकापासून हातभर अंतरावर वालुकाश्माचे चाक गरगरत असे. भिंगाखाली जुन्या पात्यावर आजही त्या घासाईच्या रेषा दिसतात. पात्यावर पेढीचे नाव असते. त्या रेषा ओढणाऱ्याचे नाव कोठेही नसते.

युनियनच्या त्या कपाटात एंगेल्सचे इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवरचे, १८४५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक होते. त्यात शेफील्डच्या डॉ. नाइट यांचे आकडे दिले आहेत. गावात घासाईचे कामगार सुमारे २५००. जेवणाचे काटे घासणारे १५०. त्यांचे चाक पूर्ण कोरडे, आणि ते वयाच्या २८ ते ३२ या वर्षांत मरत. टेबलावरच्या सुऱ्या घासणारे ओल्या चाकावर काम करीत; ते ४० ते ५० पर्यंत जगत. वस्तरे घासणारे थोडे ओल्यावर, थोडे कोरड्यावर. त्यांची मर्यादा ४० ते ४५. हा तक्ता वाचल्यापासून 'ओली' आणि 'कोरडी' हे शब्द आम्हाला पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत. आपण दाढी ओली करतो ती गालाची आग होऊ नये म्हणून. त्यांच्या चाकाला पाणी असणे नसणे यावर आयुष्याची दहा-पंधरा वर्षे अवलंबून होती.

एंगेल्सने दोष दिला पोलादाच्या अणकुचीदार धुळीला आणि वाकून बसण्याला. आज आपल्याला ठाऊक आहे की खरा मारेकरी त्या वालुकाश्मातली सिलिका होती. चाक झिजे, तिची पिठी हवेत उडे, फुप्फुसात जाऊन बसे आणि तेथे वण धरीत. हा रोग सिलिकोसिस. त्यावर आजही रामबाण औषध नाही. पुढे कृत्रिम चाके आली आणि या धंद्यातले मरण ओसरले. सगळीकडे मात्र नाही. खंबातचे अकीक घासणारे आणि मंदसौरचे दगडी पेन्सिली कापणारे कारागीर याच धुळीने आपल्या देशात मेले आहेत.

आम्ही स्वतः अठराव्या वर्षी एका कारखान्यात ग्राइंडिंगच्या चाकापुढे उभे राहिलो. चाक कृत्रिम होते. धूळ ओढणारा पंखा होता, पण विजेचे बिल वाढते म्हणून साहेबांची फेरी नसेल तेव्हा तो बंद असे. संध्याकाळी रुमाल काळा होई. आमची पहिली मागणी पगाराची नव्हती. तो पंखा सुरू ठेवा, एवढीच होती, आणि तेवढ्यासाठी अकरा दिवस काम बंद ठेवावे लागले.

म्हणूनच शेफील्डची एक गोष्ट आम्हाला फार बोचते. धूळ ओढून नेणारी साधने तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निघाली होती, आणि काही ठिकाणी ती कामगारांनीच मोडून टाकली. का? काम निरोगी झाले तर माणसे या धंद्यात शिरतील, हात वाढतील आणि मजुरी पडेल! थोडे जगू पण सुखात जगू, असा त्यांचा हिशेब. मूर्खपणा म्हणून तो उडवून लावणे सोपे आहे. पण ज्याच्याजवळ आपल्या धंद्यातल्या माणसांच्या दुर्मिळतेखेरीज दुसरे भांडवल नाही, तो मरणालाही पहारेकरी नेमतो, हे आम्ही चर्चेच्या टेबलावर बसून पाहिले आहे. 'धोका भत्ता' चालेल, मुखवटा नको, असे म्हणणारे आमचे सभासद या सभेतही असतील. आम्ही त्यांच्याशी भांडत आलो आहोत आणि भांडत राहू.

याच गावात संघटनेची वर्गणी न भरणाऱ्याच्या चाकाचा पट्टा रातोरात नाहीसा होई. करवती घासणाऱ्यांच्या संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने तर संघटनेच्या पैशाने माणसांवर हल्ले करवले, आणि १८६७ साली चौकशी मंडळापुढे ते कबूल केले. आम्हाला त्याचे समर्थन करायचे नाही. परंतु संघटनेला कायद्यात स्थानच नसेल तर तिचा चिटणीस कोणत्या वाटेला लागतो, हेही त्या चौकशीने दाखवले. १८७१ साली इंग्लंडात ट्रेड युनियन कायदा झाला.

वस्तऱ्याची भीती काढून टाकण्याचे प्रयत्न यापूर्वीच सुरू झाले होते. पॅरिसचा कारागीर जाँ-जाक पेरे याने स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर १७६९ साली पुस्तक लिहिले, आणि सुताराच्या रंध्यावरून सुचलेले लाकडी आवरण पात्याला बसवले. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० साली आडव्या मुठीचा 'सेफ्टी' वस्तरा काढला. पण या सर्वांत पाते जुनेच, जाड, निसण्याला आणि पट्ट्याला बांधलेले.

ते बंधन तोडले किंग कॅम्प जिलेट याने. हा माणूस आम्हाला साऱ्या उद्योगपतींत अजब वाटतो. जन्म १८५५, धंदा फिरत्या विक्रेत्याचा. १८९४ साली त्याने एक पुस्तक लिहिले, आणि त्यात काय म्हटले आहे? स्पर्धा हे सर्व पापांचे मूळ आहे. ती नाहीशी करून जनतेच्या मालकीची एकच एक कंपनी असावी. आणि नायगाऱ्याच्या धबधब्याच्या विजेवर चालणारे एक प्रचंड नगर वसवून अमेरिकेतली बहुतेक वस्ती तेथे न्यावी! नासाडी थांबवा, असा त्याचा टाहो होता. आणि पुढच्याच वर्षी, १८९५ साली, याच गृहस्थाला आरशापुढे उभे असताना वापरून फेकून द्यायच्या पात्याची कल्पना सुचली. त्याचा मालक विल्यम पेंटर याने बाटलीचे पत्र्याचे बूच शोधले होते, आणि लोक वापरून टाकतील व पुन्हा विकत घेतील असे काही काढ, हा सल्ला त्यानेच दिला होता. समाजवादाचे स्वप्न आणि बुचाचे व्यापारशास्त्र एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदले. मनुष्यस्वभाव असा आहे.

पत्र्याएवढ्या पातळ पोलादाला कडक करून धार लावता येत नाही, असे जाणकार सांगत. ते करून दाखवले विल्यम निकरसन या यंत्रज्ञाने. कंपनी १९०१ सालची. १९०३ साली विकले गेले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले आणि रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. यंत्राची युक्ती साधी आहे. लवचिक पाते वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये मुठीच्या पेचाने दाबले जाते, किंचित वाकते, आणि वाकल्यामुळेच ताठ होते. जुन्या बाजारात आम्हाला पुढे असाही एक रेझर मिळाला, तीन तुकड्यांचा, पितळेचा. त्याने दाढी वस्तऱ्याइतकी गहिरी नाही, पण फार छान होते, आणि गडबडीच्या दिवशी आम्ही तोच घेतो.

रेझर स्वस्त द्यावा आणि पात्यांवर कमवावे ही युक्ती जिलेटने काढली, असे व्यापाराच्या पुस्तकांत सर्रास सांगतात. पेटंट होते तोवर तसे घडले नाही. रेझरची किंमत पाच डॉलर होती, म्हणजे तेथल्या कामगाराची दोन-तीन दिवसांची मजुरी. १९२१ साली पेटंट संपले, दुसऱ्यांना तसाच माल काढण्याची मोकळीक झाली, आणि मग स्वस्त रेझर बाजारात आले. दरम्यान पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ३५ लाख रेझर आणि तीन कोटींवर पाती घेतली होती. घरी परतलेल्या त्या शिपायांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली होती. जिलेटने स्वप्न सोडले नव्हते. १९१० साली त्याने माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर देऊन आपल्या जागतिक कंपनीचे अध्यक्षपद देऊ केले. ते त्यांनी नाकारले. १९३२ साली तो वारला, तेव्हा कंपनीचा ताबा त्याच्या हातून गेलेला होता.

जिलेटचे पाते आपल्याकडे आले आणि त्याचे एक गमतीदार देशीकरण झाले. पूर्वी गावचा नाभिक धोकटी काखेत मारून दारोदार जाई आणि सुगीला बलुत्याचे धान्य नेई. त्याचा वस्तरा त्याचा, धार त्याची. अलीकडच्या काळात रक्तातून पसरणाऱ्या रोगांची जाणीव झाली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी धार हवी झाली. तेव्हा त्यांनी दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे पाते वस्तऱ्यासारख्या मुठीत बसवले. आज चौकातल्या दुकानात आपल्या गालावरून फिरते ते शेफील्डच्या आकारात बसवलेले जिलेटचे अर्धे पाते. रोगाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. त्याविरुद्ध आमचा एक शब्द नाही.

आणि हत्यार ज्याचे त्याच्या हातात असते तेव्हा ते खाली ठेवण्याचा अधिकारही त्याचा असतो. मुंबईत १८९० साली शेकडो नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावरून आम्ही वस्तरा फिरवणार नाही असे त्यांनी ठरवले. त्यांना एकत्र आणणारे होते नारायण मेघाजी लोखंडे, गिरणी कामगारांची संघटना बांधणारे. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली तीही त्याच वर्षी. मजुरीसाठी झालेले संप आपल्या इतिहासात पुष्कळ आहेत. स्वतःची मजुरी बुडवून दुसऱ्याची अप्रतिष्ठा थांबवणारा हा संप आम्हाला त्यांच्या वरच्या ओळीत बसवावासा वाटतो.

पुढची हकीकत लवकर सांगून होते. १९६० नंतर गंज न धरणारी पाती आली. १९७१ साली दोन पात्यांचे बंद डोके आले, १९९८ साली तीन, २००६ साली पाच. डोके बोथट झाले की प्लास्टिकसकट कचऱ्यात जाते. त्यात पोलाद आणि प्लास्टिक असे जखडलेले असते की भंगारवालाही ते घेत नाही. अशा एका डोक्याच्या किमतीत दुधारी पात्यांची पाकिटे येतात. जुने रेझर आणि वस्तरे शोधणाऱ्या तरुण मंडळींपैकी बरीच जण या हिशेबाने येतात आणि सुखासाठी राहतात. त्यांपैकी कोणी जुने ते सोने म्हणू लागला, तर आम्ही त्याला डॉ. नाइटांचा तक्ता वाचायला देतो. तो वाचूनही आमच्यापैकी कोणी वस्तरा टाकून दिलेला नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना दोन सूचना. मानेला आणि हनुवटीखाली पहिला महिनाभर वस्तरा लावू नका. तेथे तीन तुकड्यांचा रेझर बरा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पाते पुसून ठेवणे पुरत नाही. शिवणयंत्राच्या तेलाचे एक बोट फिरवावे, मग मिटावे.